पत्ता बदलला, मग खूण कुणी सांभाळली?

जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळ एक गाव आहे. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं आणि गावाचं नाव घरोघरच्या टीव्हीवर, मोबाइलवर, वर्तमानपत्रांत आलं. तुमच्याही कानावर पडलं असेल. पण ते लिहायचं कसं? कुणी लिहिलं 'अंतरवाली सराटी', कुणी 'आंतरवाली सराटी', तर कुणी 'अंतरवली सराटी'. वाचणाऱ्यांचं मात्र काहीच अडलं नाही. एक काना कमी-जास्त झाला तरी आपण म्हणतो, "हां, तेच ते गाव!"

संगणक असं म्हणत नाही. इंटरनेटवरच्या पानाचा पत्ता त्याच्यासाठी आकड्यांची एक लांबलचक रांग असते. रांगेतला एक आकडा बदलला की पत्ता वेगळा, पान वेगळं. ही रांग किती लांब असते, सांगू? 'अंतरवाली' या शब्दात आपण अं, त, र, वा, ली अशी पाच अक्षरं मोजतो. संगणक आठ मोजतो, कारण अनुस्वार, काना आणि वेलांटी त्याच्या हिशेबात वेगवेगळी असतात. देवनागरीतल्या अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे रांगेतले तीन आकडे, लागतात. झाले २४ बाइट. पत्त्यातून पाठवताना प्रत्येक बाइट % आणि त्यापुढे दोन चिन्हं असा लिहितात. झाली ७२ चिन्हं! 'सराटी'ची आणखी ४५. मराठी पानाची लिंक कुणाला पाठवली की कधी कधी टक्क्यांची भलीमोठी गिचमिड दिसते ना, ती हीच.

आता यातली गंमत बघा. 'अ' लिहिला की रांगेत येतं %ई०%ए४%८५ आणि 'आ' लिहिला की येतं %ई०%ए४%८६. (खऱ्या पत्त्यात ई आणि ए ही इंग्रजी अक्षरं असतात.) ८५ आणि ८६, एवढाच काय तो फरक! पण सर्व्हरसाठी, म्हणजे पानं साठवून ठेवणाऱ्या आणि मागितल्यावर पाठवणाऱ्या संगणकासाठी, ही दोन संपूर्ण वेगळी नावं आहेत. 'अंतरवाली' नावाचं पान त्याच्याकडे असलं आणि तुम्ही 'आंतरवाली' मागितलं, तर तो सरळ ४०४ म्हणेल. असं पान माझ्याकडे नाही, असा त्याचा अर्थ.

यावर एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. पान ठेवणारी माणसं सर्व्हरला सांगून ठेवतात, "कुणी 'आंतरवाली' मागितलं तर त्याला 'अंतरवाली'चा पत्ता दे." याला म्हणतात पुनर्निर्देशन. मराठी विकिपीडियावर हा शब्द तुम्हाला वाचायला मिळेल. इंग्रजीत बोलणारे रीडायरेक्ट म्हणतात.

मग होतं काय, तर तुमचा ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा पानं दाखवणारा प्रोग्रॅम, सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हर पान पाठवत नाही. तो एक आकडा पाठवतो, ३०१. अर्थ असा, की हे पान कायमचं दुसरीकडे गेलंय. सोबत एका ओळीत नवा पत्ता असतो. (तात्पुरतं गेलं असेल तर ३०२. असे आणखीही काही आकडे आहेत, सगळे तीनशेच्या घरातले.) ब्राउझर तुम्हाला काहीही न विचारता त्या नव्या पत्त्यावर पुन्हा मागणी करतो आणि मगच पान उघडतं. आशियातल्या वाचकांसाठी विकिपीडियाचं एक केंद्र सिंगापुरात आहे. म्हणजे जालन्यातून निघालेली मागणी समुद्र ओलांडून तिकडे जाऊ शकते, उत्तर घेऊन परत येते, नवा पत्ता घेऊन पुन्हा जाते आणि पुन्हा येते. हे सगळं इतकं झटपट होतं की दोन खेपा झाल्या हे आपल्या लक्षातही येत नाही.

एखाद्याने चुकून 'आ'ला सांगितलं 'अ'कडे पाठव आणि 'अ'ला सांगितलं 'आ'कडे पाठव, तर? ब्राउझर बिचारा फिरतच राहील. म्हणून फेऱ्यांना मर्यादा घातलेली आहे. २० वेळा पाठवणी झाली की ब्राउझर थांबतो आणि फार वेळा पुनर्निर्देशन झालं असा संदेश पडद्यावर दाखवतो.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. आता तिच्यात एक चिन्ह आणूया. कळफलकावर ३ च्या बटणावर असतं ते, # हे. त्याला हॅश म्हणतात.

विकिपीडियावरचं एखादं मोठं पान संगणकावर उघडा. 'जालना जिल्हा' घ्या हवं तर. अनुक्रमणिकेतल्या एखाद्या विभागावर क्लिक करा. पान झपकन त्या विभागाशी जातं. आता वर पत्त्याकडे बघा. शेवटी # आलंय आणि त्याच्यापुढे त्या विभागाचं नाव. # च्या आधीचा भाग सांगतो कुठलं पान, आणि नंतरचा भाग सांगतो त्या पानात नेमकं कुठे. # नंतरच्या या भागाला आपण खूण म्हणूया. हे चिन्ह निवडलं टिम बर्नर्स-ली यांनी. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना त्यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत मांडली. अमेरिकेत टपालाचा पत्ता लिहिताना इमारतीतल्या खोलीच्या आकड्याआधी # काढायची पद्धत आहे. इमारत एक आणि तिच्यात ही खोली, तसं पान एक आणि त्यात ही जागा. म्हणून ते चिन्ह त्यांना योग्य वाटलं.

आता एक प्रयोग करा. तेच पान उघडं ठेवा आणि संगणकाचं इंटरनेट बंद करा. वायफाय बंद, केबल असेल तर काढून ठेवा. आता अनुक्रमणिकेतल्या दुसऱ्या विभागावर क्लिक करा. बघा, पान गेलं तिकडे! पत्त्यातली खूणसुद्धा बदलली. इंटरनेट नाही, सर्व्हरशी बोलणं नाही, तरी काम झालं.

याचा अर्थ लक्षात आला का? खूण सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझर पत्ता वाचतो, # पासून पुढचा भाग तोडून स्वतःजवळ ठेवतो आणि उरलेला पत्ता तेवढा सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर संपूर्ण पान देतो. मग ब्राउझर पानात ती खूण शोधतो आणि सापडली की पान तिथवर सरकवतो.

जालन्याहून तुम्ही एसटीने वडीगोद्रीला निघालात, तर कंडक्टरला एवढंच सांगता, "एक हाफ, वडीगोद्री." उतरल्यावर मावशीकडे जायचंय की मामाकडे, देवळामागच्या गल्लीत की शाळेजवळ, हे तो विचारत नाही. ते तुमच्या डोक्यात असतं. आणि समजा रस्त्याचं काम निघालं म्हणून गाडी तुम्हाला भलत्याच फाट्यावर सोडून दुसऱ्या गाडीत बसवू लागली, तरी मावशीचं घर तुम्ही विसरत नाही.

काही ब्राउझर मात्र पूर्वी विसरायचे! आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे.

समजा अंतरवाली सराटीच्या मुलांनी गावाची माहिती देणारं एक पान बनवलं. त्यात शाळेचा विभाग, शेतीचा विभाग, आणि मोसंबीचा एक खास विभाग. (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा तिला जागा हवीच.) कुणीतरी मैत्रिणीला लिंक पाठवली. लिहिताना काना जास्त पडला: 'आंतरवाली सराटी', पुढे #, पुढे 'मोसंबी'. मैत्रिणीने ती उघडली. ब्राउझरने 'मोसंबी' स्वतःजवळ ठेवलं आणि 'आंतरवाली सराटी' हे पान मागितलं. सर्व्हर म्हणाला, "३०१. 'अंतरवाली सराटी'कडे जा."

सर्व्हरच्या उत्तरात मोसंबीचं नाव नाही. असणार तरी कसं? त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता ब्राउझरने काय करायचं? नवा पत्ता मिळालाय, त्यात खूण नाही. जुन्या पत्त्यातली खूण याला लावायची की टाकून द्यायची?

तुम्ही म्हणाल, "लावायची! त्यात विचारायचं काय?" मलाही तसंच वाटतं. पण जरा दुसऱ्या बाजूनेही बघा. नव्या पानात 'मोसंबी' नावाचा विभाग असेलच कशावरून? सर्व्हरने दिलेल्या पत्त्याला आपल्या मनाने शेपूट जोडायचा ब्राउझरला काय अधिकार? ब्राउझर बनवणाऱ्या मंडळींना हा प्रश्न खरोखर पडला होता.

ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम लिहिलेले असतात. त्या बोलण्याला एचटीटीपी म्हणतात. पत्त्याच्या सुरुवातीला ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. १९९९ साली या नियमांची मोठी आवृत्ती निघाली, पण पाठवणी झाल्यावर जुन्या खुणेचं काय करायचं, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. त्याच वर्षी बर्ट बॉस या संगणकतज्ज्ञाने नेमक्या याच प्रश्नावर एक मसुदा लिहिला. हे बॉस म्हणजे पानांना रंग, आकार आणि मांडणी देणारी सीएसएस ही पद्धत ज्या दोघांनी घडवली त्यांच्यापैकी एक. पण तो मसुदा मसुदाच राहिला, नियम झाला नाही.

मग प्रत्येक ब्राउझरने आपापलं ठरवलं. काहींनी खूण पुढे नेली. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्यांत ती वाटेत गळून पडायची. एकच लिंक, पण एका संगणकावर ती मोसंबीच्या विभागात उघडणार आणि दुसऱ्यावर पानाच्या अगदी वर. मैत्रीण म्हणणार, "तू पाठवलेल्या लिंकमध्ये मोसंबी कुठेच नाही!" आणि पाठवणारी म्हणणार, "अगं, मला तर दिसतेय!" दोघीही खरं बोलताहेत. अशा भांडणाचा निकाल कसा लावणार?

निकाल लागला २०१४ च्या जूनमध्ये. रॉय फील्डिंग आणि ज्युलियन रेश्के यांनी संपादित केलेल्या नव्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं गेलं. सर्व्हरने दिलेल्या नव्या पत्त्यात खूण नसेल, तर ब्राउझरने जुन्या पत्त्यातली खूण नव्या पत्त्याला लावलीच पाहिजे. नियमासोबत उदाहरणही दिलंय, आणि त्यातली खूण आहे 'लॅरी'. पान दुसऱ्या पत्त्यावर गेलं तरी लॅरी सोबत जातो! २०२२ साली नियमांची आणखी नवी आवृत्ती आली, तिच्यातही हे कायम आहे. १९९९ ते २०१४, पंधरा वर्षं. एवढ्याशा # साठी! मला हे वाचून त्या लोकांबद्दल फार आदर वाटला. लिंक उघडणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाला नेमक्या जागी पोचता यावं, म्हणून एका वाक्याचा एवढा विचार करायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

आणि तुम्ही हा नियम स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकता. मोबाइलवरही जमेल. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत लिहा एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी, मग एक तिरकी रेघ, मग #, आणि त्यापुढे मराठीत 'मोसंबी'. मराठी विकिपीडियाच्या नुसत्या दारात उभं राहिलं की तिथला सर्व्हर तुम्हाला 'मुखपृष्ठ' या पानाकडे पाठवतो. पान उघडलं की पत्त्यावर बोट ठेवून तो शेवटपर्यंत वाचा. 'मुखपृष्ठ' हे नाव सर्व्हरने दिलेलं. आणि त्याच्या मागे #मोसंबी? ते सर्व्हरला माहीतही नाही. तुम्ही लिहिलेलं ब्राउझरने जपून नव्या पत्त्याला लावलं!

मुखपृष्ठावर मोसंबीची खूण नसेल तर पान वरच राहतं. ब्राउझर त्याबद्दल कुरकुर करत नाही, ४०४ वगैरे काही दाखवत नाही. पान तर मिळालं ना, मग खूण सापडली नाही तर नाही. मघाचा प्रश्न आठवतो का, नव्या पानात तो विभाग नसला तर? त्याचं उत्तर हेच. विभाग नसला तरी खूण पुढे नेल्याने काही अडत नाही, असला तर फायदा मात्र आहे.

एक पोटनियम राहिला. कधी कधी सर्व्हर नव्या पत्त्यात स्वतःचीच खूण देतो. म्हणजे 'आंतरवाली सराटी' मागितल्यावर तो म्हणतो, "'अंबड तालुका' या पानावर जा, आणि तिथे 'गावं' या खुणेशी थांब." अशा वेळी सर्व्हरची खूण चालते आणि तुमची 'मोसंबी' सोडून दिली जाते. एका पत्त्यात दोन खुणा बसत नाहीत. पान कुठे आणि का हलवलं हे सर्व्हरला ठाऊक असतं, तेव्हा त्याने मुद्दाम जागा दाखवली तर ती मानायची.

आता एक कोडं. ते सोडवायला मराठवाड्याचा थोडा इतिहास लागेल.

शेजारच्या औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच वर्षी उस्मानाबादचं धाराशिव झालं. अशा वेळी जुन्या नावाच्या पानांचं काय? तिथे पुनर्निर्देशन लावलं की भागतं. जुन्या नावाची लिंक कुणाच्या वहीत, कुणाच्या पुस्तकात छापलेली असली तरी ती नव्या नावाकडे जाते, आणि # पुढची खूणही सोबत जाते. फक्त नाव बदललं, आतले विभाग तेच राहिले, तर एकही लिंक वाया जात नाही.

पण जालना जिल्हा असा नाव बदलून झालेला नाही. १ मे १९८१ रोजी तो वेगळा काढला गेला. त्याआधी जालना आणि अंबड हे औरंगाबाद जिल्ह्याचेच तालुके होते. म्हणजे अंतरवाली सराटी जागची हलली नाही, तिचा जिल्हा मात्र बदलला.

पानांच्या बाबतीतही असं घडतं. समजा एक भलंमोठं पान होतं आणि त्यात 'अंबड' हा विभाग होता. तो इतका वाढला, की त्याचं वेगळं पान केलं. आता कुणाकडे जुनी लिंक आहे: मोठं पान, पुढे # आणि 'अंबड'. ही लिंक नव्या पानाकडे वळवायला सर्व्हरला सांगता येईल का?

विचार करा. घाई करू नका.

नाही सांगता येणार! सर्व्हरकडे येताना पत्त्यातलं # आणि 'अंबड' कापलं गेलेलं असतं. त्याला फक्त मोठ्या पानाचं नाव ऐकू येतं. ही मागणी अंबडसाठी आहे, जालन्यासाठी आहे की सगळंच पान वाचायचंय, हे त्याला कळायला मार्गच नाही. सगळ्यांना अंबडच्या पानावर पाठवलं तर बाकीचे वाचक वैतागतील. हजार जुने पत्ते बिनचूक वळवणारा सर्व्हर इथे हात टेकतो.

मग हे काम करायचं कुणी? खूण ज्याच्याजवळ आहे त्याने, म्हणजे तुमच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर. पानाच्या आत जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो. तो पानासोबत तुमच्याकडे येतो आणि ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून त्याला पत्त्यातली खूण वाचता येते. "खूण 'अंबड' असेल तर त्या नव्या पानावर जा," एवढं त्यात लिहिलं की झालं. दुसरा मार्ग आणखी सोपा आहे, प्रोग्रॅमही लागत नाही. मोठ्या पानातला 'अंबड' हा मथळा तसाच ठेवायचा, त्याखाली दोन-चार ओळी ठेवायच्या आणि नव्या पानाची लिंक द्यायची. जुनी खूण शोधत आलेला वाचक त्या मथळ्याशी पोचतो आणि तिथून पुढे जातो. विकिपीडियावर हा मार्ग नेहमी वापरतात. मोठ्या लेखात एखाद्या मथळ्याखाली 'मुख्य लेख' असं लिहून दुसऱ्या पानाची लिंक दिलेली तुम्ही पाहिली असेल.

तुमच्या शाळेत संगणक असेल आणि गावाचं पान बनवायचा बेत असेल, तर ही युक्ती लक्षात ठेवा. पानातल्या प्रत्येक मथळ्याला आतून एक नाव द्यावं लागतं. एचटीएमएल या पानं लिहायच्या भाषेत त्याला आयडी म्हणतात आणि # नंतर तेच येतं. हे नाव मराठीतही देता येतं. पुढे मथळा बदलावासा वाटला, 'मोसंबी'चं 'आमच्या गावची मोसंबी' करावंसं वाटलं, तर वाचणाऱ्याला दिसणारा मथळा खुशाल बदला, पण आतला आयडी 'मोसंबी'च राहू द्या. पान नव्या जागी न्यावं लागलं तर सर्व्हरवर ३०१ लावा आणि सर्व आयडी जसेच्या तसे नव्या पानात न्या. म्हणजे मैत्रिणीची चुकीच्या कान्याची लिंक तीन वर्षांनीसुद्धा मोसंबीच्याच विभागात उघडेल.